हातोड्यातून वाचलेली चिप

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढी मी एक जुनी चिप आहे. माझी एक कड जळाली आहे. ती कशी जळाली तेच सांगते.

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात हिल्का आणि ताइस्तो यांनी छोटी कंपनी काढली आणि मला घडवले. इमारतीतल्या खोल्यांच्या छतांना आतून लावलेल्या डब्यांमध्ये आम्ही बहिणी बसायचो. बराच वेळ झोपायचे, क्षणभर जागे व्हायचे आणि आग जाणवली की शेजारणीला बिनतारी निरोप द्यायचा. ती पुढचीला देई. म्हणून इवल्याशा बॅटरीवर आम्ही वर्षानुवर्षे जगायचो. हिल्काने मला सौनाच्या, म्हणजे तिथल्या बाष्पस्नानाच्या खोलीतल्या, वाफेत ठेवले, मग बर्फात पुरले. मी दोन्हींतून तगले, तेव्हा ताइस्तोने तिला उचलून गरागरा फिरवले होते.

पण पहिल्याच इमारतीत, कडाक्याच्या थंडीत, माझ्या काही बहिणी मुक्या झाल्या. ताइस्तोला ते झाकायचे होते. हिल्काने रहिवाशांना खरे सांगून टाकले. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि तो कंपनी सोडून गेला.

हिल्का त्या बहिणी बदलत, मी होते त्या तळघरात उभी होती, तेव्हा तो हातोडा घेऊन आला.

"माझं नाव मातीत घातलंस ना? आता बघ!"

पहिल्या घावात माझी शेजारीण फुटली. पुढच्या घावांत ओळच्या ओळ खाली आली. काचा, प्लास्टिक, चुना यांचा पाऊस पडला.

"ताइस्तो, वेडा झालास का? ठेव तो खाली!"

हिल्काने त्याचा हात धरला. त्याने हातोडा फिरवला. तिच्या खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढचा घाव विजेच्या बोर्डवर बसला. निळा लोळ उठला, ताइस्तो भिंतीवर आदळून निपचित पडला आणि छत पेटले.

माझी डबी वितळू लागली. जवळ कोणी उरले नव्हते. मी सगळी ताकद लावून हाका मारत राहिले. जिन्यापलीकडच्या एका बहिणीला एक हाक कशीबशी ऐकू गेली. मग निरोप धावत सुटला आणि देखभाल करणाऱ्या मार्ताच्या खोलीत घंटा वाजली.

मार्ता तोंडाला ओला टॉवेल बांधून रांगत आत आली. तिने हिल्काला ओढले.

"आधी त्याला काढ, मार्ता. तो शुद्धीत नाहीये."

"अगं, त्यानेच तुला मारलंय ना!"

"मी चालू शकते. तो नाही."

मार्ताने शिव्या देत देत त्याला पायाला धरून बाहेर फरफटत नेले. हिल्का मागून भिंतीच्या आधाराने निघाली. आग विझल्यावर मी राखेत सापडले, एक कड जळालेली.

ताइस्तोला शिक्षा झाली. हिल्काचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ती त्याला तुरुंगात भेटायला गेली, तेव्हा त्याने मान खाली घालून विचारले, "मला का वाचवलंस?"

"तू आत होतास म्हणून," ती म्हणाली.

मित्रांनो, छताला लावलेल्या डबीतली बॅटरी काढून खेळण्यात घालू नका. आणि हातात हातोडा असताना कोणी थांब म्हणाले, तर थांबा. माझ्या फुटलेल्या बहिणी परत आल्या नाहीत.