अर्धं सूत

"सर, वळखलं का मले?" मशीनच्या पायाखाली पाचर सरकवता सरकवता त्या माणसाने विचारलं.

"नाही," रुपराव गोतमारे म्हणाले. ओळखलं होतं. फाटकातून आत आला तेव्हाच ओळखलं होतं. पण कुणाला ओळख देणं हा रुपरावांचा छंद नव्हता.

"जितेंद्र नखाते. दोन हजार सहाची बॅच. तुमी मले दोनदा नापास केलं होतं."

"दोनदाच?"

जितेंद्र हसला. जरीपटक्याला त्याचं लाकूडकामाच्या मशीनचं दुकान होतं, हाताखाली चार मेकॅनिक होते आणि मशीन बसवायला तो स्वतः गेल्या पाच वर्षांत कुणाकडे गेला नव्हता. बिलावर 'रुपराव गोतमारे, मानेवाडा' वाचलं आणि तो मेकॅनिकला म्हणाला, तू घरी जाय, इथं मी जातो.

रुपरावांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. 'शिकवलं' हा शब्द विद्यार्थी वापरत नसत. पेन्सिलीने रेघ मारायची आणि करवतीने त्या रेघेवरून जायचं. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, इकडेतिकडे झालं की नापास. कारण सांगायचं नाही. एका मुलाने आई वारल्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्याला सुट्टी दिली आणि नापासही केलं. निरोप समारंभाला त्यांचा माजी विद्यार्थी एकच आला होता, आणि तो मांडव सोडायला आला होता.

आता निवृत्तीला सहा वर्षं झाली होती आणि दिवाळीपासून त्यांचा उजवा हात कापत होता. ही गोष्ट घरात दोघांनाही माहीत होती. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हाताचं नाव घेत, रुपराव करवतीचं. तीन करवती बदलून झाल्या. मग बँडसॉ मागवला. लोखंडी टेबल, त्यातून वरून खाली धावणारं ब्लेड. आपण लाकूड नुसतं पुढे ढकलायचं. कापते मशीन, हात नाही, असं त्यांनी मनकर्णाबाईंना समजावलं. एकतीस वर्षं मुलांना त्यांनी नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

"काय बनवान आता याच्यावर?" मनकर्णाबाईंनी शेडच्या दारातून विचारलं. "पोळपाट हाय, देव्हारा हाय, पाट तर बसाले माणसं नाहीत इतके हायेत. आता राह्यली तिरडी. ते बांबूची असते."

"तू आत जाय वं."

"पाहुण्याले च्या ठेवतो."

"पाहुणा नाही तो. मेकॅनिक आहे."

"राहू द्या काकू," जितेंद्र मान वर न करता म्हणाला, "सरायच्या हातचं मले कधीच पचलं नाही."

रुपराव खुर्ची टाकून बसले आणि चूक शोधू लागले. जितेंद्रने टेबलावर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

"लेव्हल फिरवून ठेव."

त्याने टोकं उलटी करून ठेवली. बुडबुडा पुन्हा मधोमध. रुपराव निराश झाले. गुण्या लावून पाहिला, टेबल आणि ब्लेड यांच्यात काटकोन होता. वरचं चाक खालच्या चाकाच्या सरळ रेषेत होतं. बोटाने दाबून पाहिलं, ब्लेडचा ताण हवा तेवढाच. इतकं चांगलं काम समोर होत असताना बोलण्यासारखं काहीच नसणं, हा छळ त्यांनी तासभर सोसला.

"घ्या सर. करा चालू."

रुपरावांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला.

"दात वर आहेत."

"हो का?"

"ब्लेडचे दात खाली पाह्यजेत. असं चालू केलं तर लाकूड उचलून तोंडावर मारते."

"मले माहीत हाय सर. पाहून राह्यलो होतो. तुमी अस्संच उलटं लावून ठेवत होते नं, अन् म्हणत होते, कर चालू. मी केलं होतं."

"अन् नापास झाला."

"अन् हनुवटीले तीन टाके पडले." त्याने हनुवटी वर करून दाखवली.

"टाक्याले मार्क नसतात," रुपराव म्हणाले.

जितेंद्रने ब्लेड उतरवलं, त्याची आतली बाजू बाहेर पलटवली आणि पुन्हा चढवलं. या खेपेला दात खाली होते. मग पिशवीतून त्याने छापील फॉर्म काढला, आणि सागवानाचा हातभर तुकडा. तुकड्यावर रेघ आधीच मारलेली होती. दुकानातून निघतानाच मारून आणली होती.

"ग्राहकानं सोता कापून पाहाचं. फॉर्मात तसं लिवलं हाय. बाजूची पट्टी लावून देऊ का सर? पट्टीले टेकवून आंधळाही सरळ कापते."

"काढ ते पट्टी."

मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या, "आवो, लावून घ्या नं." त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मशीन चालू झाली. पहिले दोन इंच ब्लेड रेघेवरून गेलं आणि रुपराव जरा ताठ झाले. मग उजवा हात हलला. डाव्याने त्याला सावरलं, तसा तुकडा दुसरीकडे वळला. पुढे दोन्ही हात एकमेकांच्या चुका दुरुस्त करत राहिले. तुकड्याचे दोन झाले. बटण बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरत होती.

जितेंद्रने स्टीलची पट्टी लावली.

"दीड सूत."

हे वाक्य म्हणायला तो एवढा आटापिटा करून आला होता. म्हणून झालं, आणि मग त्याचं लक्ष टेबलावरच्या हाताकडे गेलं. मशीन थांबली होती, हात थांबला नव्हता.

त्याने फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"ब्लेड सरकून राह्यलं असन, सर. नवीन हाय. मी लिवतो, ब्लेडात दोष. उद्या दुसरं पाठवतो."

"तू काप."

"कशाले आता?"

"काप म्हणतो नं."

दुसरी रेघ मारली. जितेंद्रने कापलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध चिरत गेली. रुपरावांनी चष्मा लावून पाहिलं, पट्टी लावून पाहिलं, तुकडा उलटा करून पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"ब्लेडात दोष नाही. खोटं लिवू नको."

"मी तुमच्यासाठीच..."

"मी तुह्यासाठी लिवलं होतं का कधी? फॉर्म दे."

डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'बसवणी बिनचूक.' अक्षरं छापील ओळ सोडून वर चढली, तिथून खाली उतरली. सहीला तर चौकट पुरली नाही.

जितेंद्रने ते वाचलं. "म्हणजे पास?"

"मशीन पास आहे."

"लावली कोनं?"

"लिवलं नं वर. वाचता येत नाही का?" रुपरावांनी पेन परत केलं. "आता ब्लेड उतरव अन् घेऊन जाय."

"काहून जी?"

"ज्याचा हात रेघ सोडते त्याले मशीनवर उभं करत नसतात. नापास झाल्यावर तुले केलं होतं का?"

"नाही."

"मंग."

"मशीनही नेतो वापस. फोन करून गाडी बोलवतो."

"मशीन राहू दे. चांगली लागली आहे."

जितेंद्रने ताण सोडला, ब्लेड उतरवलं, तीन वेढ्यांत दुमडून खांद्याला अडकवलं. नमस्कार त्याने केला नाही, रुपरावांनी वाटही पाहिली नाही. फाटकाची कडी मात्र तो दोन वेळा लावायला गेला आणि तिसऱ्यांदा ती लागली.

रुपरावांनी वरचं चाक एका बोटाने ढकललं. ते आवाज न करता फिरत राहिलं. खालचं जागचं हललं नाही.