दोन बोटांची जागा

मी सायकलच्या हँडलला गुंडाळलेली एक जुनी, काळी पट्टी आहे. मित्रांनो, चाकं धावतात, साखळी बोलते. माझं काम एवढंच, की घाम आला तरी हात निसटू नये.

संत तुकाराम नगरातल्या भीमराजांनी मला आणलं ते लेकीसाठी. लेक तनुजा, कुरुळीजवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी कामाला. सुट्टीच्या दिवशी शर्यतींना. मला गुंडाळून झाल्यावर हातभर तुकडा उरला.

"टाकू नका पप्पा, राहू द्या सॅकमध्ये," ती म्हणाली.

तुकडा वेगळा झाला, तरी अंग एकच.

पायांचं पायांना ठाऊक. मला तिचे कष्ट कळायचे ते तळहातांतून, आणि दर शर्यतीला ते निराळे. टाइम ट्रायलला ती एकटीच घड्याळाशी झुंजायची. हात निश्चल, पण तापलेले; दूध उतू न देता उकळत ठेवावं, तसा तिचा श्वास. घोळक्याच्या शर्यतीत पुढच्यांच्या आडोशाने पायांना विसावा मिळायचा, पण उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर सदा जागी. तिथे थकवायचं ते भय. शेवटच्या दोनशे मीटरला तर ती मला मुळासकट रोप उपटावं तशी ओढायची. घाटात मात्र घाई नाही. थेंब थेंब घाम माझ्यात मुरायचा, अन् ती पुटपुटायची:

पहिली माझी ओवी, पायाच्या पोटरीला
दुसरी माझी ओवी, हाताच्या मुठीला

यंदा एका रविवारी घाटात निवड चाचणी होती. राज्याच्या संघाचं दार तेवढंच. आदल्या दिवशी सकाळी सुपरवायझर म्हणाला, "आज टार्गेट झालं नाही, तर उद्या ओव्हरटाइम."

"सर, उद्या माझी रेस आहे. महिन्याआधी सांगितलंय."

"मग हात चालव की! सायकलवर वारा अन् मशीनवर गोगलगाय? एक बटण बांधून टाक. सगळे बांधतात."

त्या जुन्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली, तरच वरचा साचा खाली यायचा. म्हणजे दोन्ही हात बाहेर. तनुजाने सॅक उघडली, उरलेल्या तुकड्यातल्या मला काढलं. उजवं बटण मीच आवळून बसले.

दुपारपर्यंत काम भराभर झालं. चाळीस नग उरले होते. मनाने ती घाटात पोचली असावी. उजवा हात आत पत्रा सरळ करत होता, आणि डावा बटणावर पडला.

ब्रेकवर जागी असायची, तीच दोन बोटं गेली.

चाचणी तिच्यावाचून झाली. कारखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. सायकल गॅलरीत टांगली गेली. एकदा भीमराज मला हँडलवरून सोडवून टाकायला आले. "उगाच डोळ्यांसमोर कशाला, बाळा."

तनुजाने उजवा हात माझ्यावर ठेवला. अंगठा आला, करंगळी आली, तिच्या शेजारचं बोट आलं. मधली जागा कोरडीच राहिली.

"नको पप्पा," ती म्हणाली. "माझ्या बोटांचे वळ आहेत तिच्यात."

मित्रांनो, तुमच्याही घरातलं कुणी मशीनवर जात असेल. त्यांना सांगा, दुसरं बटण ही अडचण नव्हे, ती दुसऱ्या हाताची राखण आहे. ते बांधायला कुणी पट्टी मागितली, तर देऊ नका. हात निसटू नये म्हणून माझा जन्म. एकदाच मी हात सोडून बटण धरलं.