कौशल्याबाईंच्या फोनमधल्या दोन ओळी

मी बोलतेय, कौशल्याबाईंच्या जुन्या फोनमधली दोन ओळींची तपासणी. मी राहते कर्नलमध्ये, म्हणजे फोनचा सगळा कारभार चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. दिलेल्या पत्त्यावर काही आहे का, ते आधी बघायचं आणि नसेल तर कर्नलला मागे फिरवायचं, एवढंच माझं काम. रिकाम्या पत्त्याला नल म्हणतात. तिथं कर्नल धडकला की फोन जागीच बंद पडतो.

मला सुकन्येनं लिहिलं, कौशल्याबाईंच्या लेकीनं, सिरसाळ्याच्या घरी. आईवडील ऊसतोडीला गेले की ती एकटी. आईचा फोन यायचा आणि बोलता बोलता तुटायचा. पुढं तर येईनासाच झाला. हंगाम संपवून आई परतली तेव्हा सुकन्येनं कारण विचारलं.

"तुला काम असतंय, तू फोन ठेवतीस. मंग मी कावून करू?"

सुकन्या खूप रडली. मग फोन घेऊन बसली. बॅटरी किती तापली हे सांगणाऱ्या भागाची नोंदच होत नव्हती आणि कर्नल त्याच्याच रिकाम्या पत्त्यावर जाऊन आदळत होता. तोडीच्या दिवसांत तिच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलूप असतं. लोक बाहेरूनच "हाय का कोनी?" म्हणतात, ओ आली तरच आत जातात. सुकन्येनं मलाही तेच शिकवलं. आईला मात्र फोनचा दोष पटलाच नाही.

सुकन्येनं मला कर्नल सांभाळणाऱ्या एका जाणत्या माणसाकडं पाठवलं. त्यानं कळवलं, दारोदार पहारे नकोत, पत्ता रिकामा का राहतो ते शोधा. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. सुकन्येनं मूळ चूक शोधली, दुरुस्त केली आणि नव्या कर्नलमधून मला काढून टाकलं. तोवर आई मला घेऊन पुन्हा तोडीला गेली होती.

आता मी फक्त या फोनमध्ये उरले आहे. रोज संध्याकाळी कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर बसून कौशल्याबाई बोलतात. मी रिकामा पत्ता बघते, कर्नलला परत फिरवते, बोलणं चालू राहतं. सुकन्येचा आवाज ऐकला की तिच्या हाताची फार आठवण येते.

काल कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. सुकन्या म्हणाली, "आल्यावर फोन दे, आई. नवीन टाकते त्यात."

"कावून गं? चांगला चालतोय की. अन् आता तू फोन ठेवत न्हाईस."

"न्हाई ठेवत, आई," सुकन्या म्हणाली.

परवा मी तिच्या हाती असेन आणि त्याच हातानं पुसली जाईन. सुकन्ये, खुशाल पूस. फक्त त्याआधी एकदा बाहेरून विचार, "हाय का कोनी?" मी ओ देईन.