वकीलबाईंचा फोन

यशवंत फाशीच्या कोठडीतून सुटून उणकलच्या घरी आला, त्याला वर्ष होत आलं होतं. पण नवरा अजून पुरता आपल्या वाट्याला आला नाही, असंच इंदुमतीला वाटायचं.

यशवंत हुबळीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला होता. मालकाचा खून झाला आणि यशवंतला मागच्या दारानं पळताना पाहिल्याचं एकानं शपथेवर सांगितलं. खालच्या कोर्टानं फाशी सुनावली. अपील चालवलं ते वेदश्रीनं, एका तरुण वकीलबाईनं. तो साक्षीदार त्या दिवशी हुबळीतच नव्हता, परगावी दवाखान्यात मोडका पाय बांधून पडला होता, हे तिनं खणून काढलं आणि हायकोर्टानं यशवंतला निर्दोष सोडलं. इंदुमतीनं तिचे पाय धरले होते, आणि अगदी मनापासून धरले होते.

पण मग डाचायला लागलं. यशवंत दिवसभर पायरीवर मुका बसायचा. वेदश्रीचा फोन आला की मात्र उठून उभा राहायचा, हसायचासुद्धा. एकदा तो तिला सांगत होता, पहाटे कोठडीबाहेर बूट वाजले की जीभ कशी टाळूला चिकटायची. आत मेथी निवडणाऱ्या इंदुमतीनं हे पहिल्यांदाच ऐकलं. पानं, काड्या, माती, सगळं तिनं तसंच पातेल्यात लोटलं.

एका सकाळी तो आंघोळीला गेला असताना वेदश्रीचा फोन आला.

"अक्का, अण्णांना द्या की जरा. अळणावरच्या एकाला फाशी लागलीय. त्यानं केलेलं नाही, माझी खात्री आहे. पण त्याची बायको हिराबाई भेटायलाच जात नाही. त्यानंच केलं म्हणते. अण्णा तिच्याशी बोलले तर..."

"त्यांना बरं नाही," इंदुमती म्हणाली. "आणि सारखा फोन करत जाऊ नका. बायको आहे त्यांना घरात."

"चुकलं अक्का," म्हणून वेदश्रीनं फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. इंदुमतीला दोन दिवस बरं वाटलं. पण यशवंत आणखीच मिटला. शेवटी जेवता जेवता म्हणाला, "वकीलबाई रागावल्या की काय?"

"मीच सांगितलं, करू नका म्हणून!" इंदुमतीचा बांध फुटला. "त्यांच्याशी तोंड उघडतं तुमचं. माझ्याशी का नाही?"

यशवंतनं घास खाली ठेवला. "निकालाआधी भेटायला आलीस तेव्हा तू विचारलंस, 'खरं सांगा, तुम्ही केलं का?' तुझ्याशी बोलायला गेलो की तेच आठवतं, इंदू."

"मग कुणाला विचारणार होते? सगळा बाजार सांगत होता, तुम्हीच केलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. 'नाही' म्हणालात, त्यावर इतकी वर्षं काढली मी."

यशवंतनं खाली ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. मग इंदुमतीनं त्याला अळणावरचं सांगितलं आणि त्याच्यादेखत वेदश्रीला फोन लावला. "हिराबाईकडे मी येते," म्हणाली.

दोघी अळणावरला पोचल्या, तेव्हा हिराबाई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तुमचा नवरा चांगला होता. तुम्हाला बोलायला काय जातंय?"

"चांगला होता हे तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? जाऊन तोंडावर विचारलं. राग धरलाय त्यांनी अजून. धरू देत! तुम्ही जा, भांडा, शिव्या घाला. पण त्याच्या तोंडून ऐका एकदा."

हिराबाई चौकटीवरचा हात काढून बाजूला सरकली. "चहा टाकते," म्हणाली. पुढच्या भेटीच्या दिवशी ती तुरुंगात गेली.

त्या दिवशी अळणावरहून परतताना गाडी चालवता चालवता वेदश्रीनं विचारलं, "अण्णा कसे आहेत आता?"

परवापासून यशवंत थोडं थोडं बोलायला लागला होता. काल तर शेजारच्या कोठडीतल्या म्हाताऱ्याच्या भजनाची नक्कल करून दाखवली होती त्यानं. सगळं इंदुमतीच्या ओठांवर आलं.

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.