मावशीचे चार शब्द

क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवणाऱ्या त्या केंद्रात दोन गोष्टींना सक्त मनाई होती. पिल्लाला नाव द्यायचं नाही, आणि पिल्लासमोर तोंड उघडायचं नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, हातावर क्रौंचाच्या डोक्याचं बाहुलं चढवायचं आणि त्याच्या चोचीनं घास भरवायचा. माणसाला आई समजून बसलेलं पिल्लू रानात टिकत नाही. रस्त्यावर येतं, कुत्र्यांच्या तोंडी जातं. मावशीचं अर्धं आयुष्य या कामात गेलं होतं. दर शुक्रवारी शाळेची मुलं यायची, तेव्हा ओठांवर बोट ठेवून ती त्यांना हेच तर समजावायची.

आणि त्याच मावशीनं माती खाल्ली होती.

सात नंबरच्या पिल्लानं, मादी होती ती, जन्मल्यावर आठवडाभरातच खाणं सोडलं. दोन दिवस बाहुल्याची चोच तिच्यापुढे नाचवून मावशी रडकुंडीला आली, आणि तिसऱ्या दुपारी, लेकीला भरवताना तोंडात बसलेले शब्द निसटले, "खा गं बाई, खा." पिल्लानं मान वर केली आणि खाल्लं. पुढे आठ दिवस मावशी तसंच कुजबुजत राहिली. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

बाकी सगळं तिनं इमानेइतबारे केलं. क्रौंच नाचतात, म्हणून दुखरे गुडघे आणि लोंबता झगा सांभाळत उड्यासुद्धा मारल्या. सात नंबर ढिम्म. जाळीआडून बघणाऱ्या केंद्राच्या डॉक्टर पोट धरून हसायच्या, अर्थात आवाज न करता.

वर्ष भरत आलं तशी परीक्षा आली. साध्या कपड्यांतला माणूस पाणथळीच्या काठावर उभा राहून हाक मारणार. पक्षी लांब गेला तर मोकळा, जवळ आला तर जन्मभर पिंजरा. परीक्षेच्या सकाळी मावशीनं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. तिच्या लेकीच्या वयाच्या त्या डॉक्टरांनी हातातली वही मिटली.

"मग आज तुम्हीच उभ्या राहा, मावशी," त्या म्हणाल्या. "तेच शब्द, त्याच आवाजात."

दार उघडलं, सात नंबर गवतात आली. हळूच पुटपुटावं, ऐकूच जाऊ नये, असं मावशीच्या मनात आलंच. पण पोर अशी खोटी पास झाली आणि उद्या भलत्याच बाईच्या हाकेला भुलली, तर? तिनं घसा साफ केला.

"खा गं बाई, खा."

सात नंबर थबकली. मान वळली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. आता जन्मभर पिंजरा, मावशीला वाटलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच क्षणी तिला आनंदही झाला.

तेवढ्यात पाण्यापलीकडून रानातल्या क्रौंचांनी साद घातली. सात नंबरनं मान ताठ केली, आणि तिच्या गळ्यातून आजवर कुणी न ऐकलेला खणखणीत आवाज निघाला. मावशीच्या छातीत तो घुमला. मग सात नंबर धावली, पंख उघडले, पाणी ओलांडून गेली. पलीकडे एका थोराड पक्ष्यानं मान लववली. हिनंही लववली. त्यानं उडी घेतली, तशी ही पंख पसरून उंच उडाली, गोल फिरली, गवताची काडी चोचीत धरून वर भिरकावली. काडीचा खेळ मावशीनं कधी करून दाखवलाच नव्हता.

मावशी पाहतच राहिली. हे सगळं त्या एवढ्याशा अंड्यात आधीपासून होतं, आणि आपण वर्षभर उड्या मारत बसलो होतो. डॉक्टरांचं वहीत लिहायचं राहून गेलं.

शुक्रवारी मुलं आली. मावशीनं या वेळी त्यांना स्वतःची चूकही सांगितली. एका मुलीनं विचारलं, तिनं तुम्हाला ओळखलंच नाही का?

"ओळखलं ना," मावशी म्हणाली. "ओळखलं, आणि तरी गेली."