बंद माईक

"युद्धात पडलेल्यांना मानवजात युगानुयुगं विसरणार नाही," असं अध्यक्षांनी गरजून सांगितलं आणि युद्ध कोणतं ते कागद उलटून पाहिलं. जगभरचा स्मरणदिन होता. देशोदेशी आज दोन मिनिटं मौन पाळायचं होतं, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी कुठेच भाषण होणार नव्हतं.

माईकवाल्याचं लक्ष भाषणात नव्हतं. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवून जागा धरली होती. थोरला लढाईवरून परतला नव्हता; त्याचं काहीच हाती लागलं नव्हतं. स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव कोरायचा विषय निघाला की आई म्हणे, तो आला आणि त्याने ते वाचलं तर? आज ती पहिल्यांदाच आली होती, तीही नुसता दगड बघायला. पाथरवट उद्या काम आवरून निघणार होता. आज ती हो म्हणाली नाही, तर नाव राहिलं ते राहिलंच.

मौन सुरू झालं. माईकवाल्याने शिरस्त्याप्रमाणे माईक बंद केला. एका वर्षी तो चालू राहिला होता आणि अध्यक्षांच्या पोटातली गुरगुर साऱ्या मैदानाने मान खाली घालून ऐकली होती.

तरी कर्ण्यातून आवाज आला. आधी बूट. पुष्कळ बूट, रांग सरळ करत असल्यासारखे. मग कुणाचा तरी दाबलेला खोकला. अध्यक्षांनी एक डोळा उघडून स्वतःच्या पोटाकडे संशयाने पाहिलं. माईकवाल्याने बटण तपासलं. बंदच होतं. त्याने प्लग उपटून हातात घेतला.

कर्ण्यात आता कुणीतरी बोटं मोडत होतं. सावकाश, एकेक, आणि करंगळीपाशी दोनदा. तशी बोटं त्यांच्या घरात एकच जण मोडत असे.

आईने वर पाहिलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बोटं मोडू नको रे," ती म्हणाली. पानावर बसल्यावर म्हणायची, अगदी तशी.

आवाज थांबला. रिकाम्या खुर्चीचे पाय मातीत हळूच रुतले.

मौन संपलं, लोक खाकरले. माईकवाला प्लग हातात धरूनच आईपाशी आला.

"पाथरवटाला सांग, कोर म्हणावं," आई म्हणाली. "तो काही रागावलेला नाही."

मग तिने वर उन्हाकडे पाहिलं.

"आणि पुढच्या वर्षी ही खुर्ची जरा सावलीत ठेव. त्याला ऊन सोसत नाही."