तुळसा धवलारणीचा करार

टेंभी नाक्यावर वडाखाली बसून मी बावीस वर्षं लोकांचे कागद लिहिले. माझ्या हातचा कागद कोर्टात कधी हरला नाही, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. अशा माझ्या कागदाची शके अठराशे नऊच्या वैशाखात एका म्हातारीनं जी फजिती केली, ती आठवली की अजून माझं पोट दुखेपर्यंत हसणं होतं.

म्हातारी म्हणजे तुळसा धवलारीण. खाडीकाठच्या आगऱ्यांचं लग्न लावायचं ते धवलारणीनं, धवले गाऊन. काळुराम मिठागरवाल्याच्या थोरल्या मुलीच्या हळदीला तुळसा दुसऱ्याच गावी अडकली होती. म्हणून धाकट्या शालूच्या वेळी काळुरामनं तिला आधीच स्टांप कागदावर बांधून घेतलं. सहा कलमं मी लिहिली. खाली काळुरामची सही, शेजारी तुळसाचा अंगठा.

हळद लागली, धवले सुरू झाले. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी काळुराम धापा टाकत माझ्यापुढे हजर.

"सहदेवराव, करार रद्द करा. व्याही कल्याणचं, पोरगा गोपीनाथ रेल्वेत. ते बोलतान, म्हातारीचं गाणं नको. बेंड आनि भट घेऊनच येतान."

"अहो, काम सुरू झालंय. हळदीचं गाऊन झालं तिचं!"

"म्हणून तं तुमी चला. मना तिच्यासमोर बोलवत नय."

रद्दचा कागद मी तिथंच लिहिला आणि आम्ही गाडी जुंपून निघालो. काळुराम गावातला पहिला माणूस. त्यानं मांडवातून उठवल्यावर तुळसाला पुन्हा कोण बोलावणार होतं? धवल्यांवाचून तिला दुसरं काही येत नव्हतं. मला वाईट वाटत होतं. पण मसुदा इतका झकास उतरला होता की मी वाटेत तो दोनदा वाचला.

मांडवात शिरलो, तर तुळसानं आधी माझ्या हातातली गुंडाळी पाहिली, मग काळुरामचा चेहरा. त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं त्याची ओंजळ तांदळानं भरली आणि आवतणाचा धवला सुरू केला.

या धवल्याची रीत अशी. धवलारीण एकेका देवाला, एकेका पूर्वजाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. घरधन्यानं प्रत्येक नावाला थोडे दाणे सोडून "या, बसा" म्हणायचं. धवला संपेपर्यंत हात खाली करायचा नाही, दुसरं बोलायचं नाही. मध्येच थांबलं, तर बोलावलेले देव दारातच उभे राहतात. एवढी हिंमत काळुरामच्या सात पिढ्यांत कोणाची नव्हती.

"शीळच्या आई, लग्नाला ये!"

"या, बसा," काळुराम म्हणाला आणि मला डोळ्यांनी खुणावू लागला, वाचा, वाचा!

मी खाकरलो. "लिहून देणार काळुराम—"

"शहाडच्या देवा, लग्नाला ये!"

"या, बसा."

तिनं उल्हास नदीला बोलावलं, विहिरीला बोलावलं, जात्याला बोलावलं. काळुरामची मिठागरं नावं घेऊन बोलावली. मी आवाज चढवला, तर तिनं माझ्याकडेच मोर्चा वळवला. "सहदेवाच्या दौती, लग्नाला ये!" बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. बाशिंगाखाली शालू अशी खिदळत होती की तिच्या गालावरची वाळलेली हळद झडायला लागली. खोटं कशाला बोलू, दौतीसाठी "या, बसा" मीच म्हणालो.

तेवढ्यात कल्याणकर बेंड वाजवत आले. तुळसानं न अडखळता व्याह्यांच्या आजोबांना, पणजोबांना बोलावलं. व्याह्यांचं लग्नही तिनंच लावलेलं! विहीणबाई गाडीतूनच ओरडल्या, "या, बसा!" आणि तांदूळ घ्यायला धावल्या. व्याही बायकोकडे बघतच राहिले. बेंडातला ढोलवाला तुळसाच्या तालावर कधी गेला, ते त्यालाही कळलं नाही.

काळुरामच्या ओंजळीत थोडेच दाणे उरले होते.

"काळुरामचे आयशी, रंगूबाय, नातीचे लग्नाला ये."

रंगूबाई गेल्या आश्विनात वारली होती. काळुरामनं उरलेले दाणे ओंजळीतच घट्ट धरले. हसणं थांबलं, ढोल थांबला. तुळसानं पुढचं नाव घेतलं नाही, ती वाट बघत राहिली.

"ये गो आये," तो शेवटी म्हणाला. "बस." आणि सगळ्यांदेखत रडला. मीही रडलो.

लग्न तुळसानंच लावलं. भटजींनी आपली मंगलाष्टकं मागून उरकली आणि बेंड त्याहून मागून वाजला. सगळं आटोपल्यावर ती माझ्यापाशी आली. "आना तो कागद." हळदीनं भरलेला अंगठा तिनं त्यावर उमटवला. "झाला ना रद्द?"

झाला की! सगळं काम पुरं झाल्यावर. मांडव पुन्हा हसायला लागला.

काळुराम मात्र हसला नाही. "सहदेवराव, दुसरा कागद काढा. शालूच्या पोरीचं लगीन पन हीच लावल."

"तवर मी जगन का रं?" तुळसा म्हणाली.

"कलम घाला. तवर तिनं मरायचं नय."

मी घातलं. असलं कलम कुठल्या कोर्टात टिकेल, हे त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही. तुळसानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले, अंगठा पुन्हा हळदीत बुडवला आणि कागदावर कितीतरी वेळ दाबून धरला.